तळ्यावरचं नाव : स्कॉटलंडच्या लहान लॉखांची गेलिक नावं कशी नोंदवावीत

स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत नाव वस्तूचं नसतं, वस्तूवर असतं. एखाद्या तळ्याचं नाव विचारायचं तर 'या तळ्यावर तुमच्याकडे कोणतं नाव आहे?' अशा धर्तीवर विचारतात. ज्यानं वापरलं त्यानं ते तळ्यावर ठेवलेलं. शेजारच्या गावानं त्याच तळ्यावर दुसरं ठेवलं असेल तर तेही खरंच. ही वाक्यरचना मनात मुरली की या कामाचं अर्धं तंत्र हाती आलं म्हणून समजा. नकाशा करायला बसलेल्याला वाटतं, प्रत्येक निळ्या ठिपक्याला एकच बरोबर नाव असणार आणि ते आपण शोधून काढायचं. या समजुतीपायीच जुन्या नकाशांत बहुतेक घोटाळे झाले. आपण साक्ष टिपायची: कोणी, कधी, कोणत्या पाण्याला काय म्हटलं. निकाल नंतर लागतो. कधी लागतही नाही.

'लॉख' म्हणजे तळं, पण कोकणातल्या खाडीसारखा जमिनीत शिरलेला समुद्राचा फाटाही लॉखच. 'लॉखन' म्हणजे लहान तळं. मात्र अगदी डबक्याएवढ्या पाण्यालाही लोक नुसतं 'लॉख' म्हणतात, त्यामुळे नावावरून आकार ठरवू नका. स्कॉटलंडमध्ये गोड्या पाण्याची लहानमोठी लॉख तीस हजारांच्या वर आहेत. मोठ्यांची नावं पर्यटकांनाही पाठ असतात. लहानांची नावं जपली ती मेंढ्या वळणाऱ्यांनी, जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीत साचलेला कुजक्या वनस्पतींचा थर, कापणाऱ्यांनी, ट्राउट मासा धरणाऱ्यांनी आणि उन्हाळ्यात गुरं घेऊन माळावरच्या झोपड्यांत राहणाऱ्या बायकांनी. ही माणसं आता थोडी उरली. आउटर हेब्रिडीज, म्हणजे स्कॉटलंडच्या वायव्येकडची बेटं, हा गेलिकचा सगळ्यात मजबूत गड, पण तिथेही २०११ च्या जनगणनेत ५२ टक्के लोक गेलिक बोलत होते, २०२२ मध्ये ४५ टक्के.

मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध, असं कोणी विचारलं तर मी दोन गोष्टी सांगतो. भारताचा पहिला सर्व्हेयर जनरल कॉलिन मॅकेन्झी हा या बेटांतल्या लुईसचा, स्टॉर्नोवे गावचा. दुसरी गोष्ट कमी गोड आहे. १८४४ मध्ये अख्खं लुईस बेट विकत घेणारा जेम्स मॅथेसन चीनच्या अफूच्या व्यापारात गब्बर झाला होता. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची आणि मुंबईचे जमशेटजी जिजीभॉय त्याच्या पेढीचे मोठे साथीदार होते. तो मालक झाल्यावर चार वर्षांनी, १८४८ मध्ये, लुईसची पहिली तपशीलवार सरकारी मोजणी सुरू झाली आणि १८५२ पर्यंत चालली. आज आपण ज्या नोंदवह्या उघडतो त्या याच मोजणीच्या. तिसरा संबंध कानाचा आहे, तो पुढे येईलच.

पहिली पायरी : तुकडा लहान घ्या

'लुईसची सगळी तळी' असं मनात आणलंत तर काम कधीच संपणार नाही. एका गावाची सामायिक चराई जमीन घ्या. चौरस किलोमीटरची चौकट आखण्यापेक्षा चराईची हद्द बरी, कारण नावं गावाबरोबर चालतात. हद्द ओलांडली की नाव बदलू शकतं. हेब्रिडीजच्या माळावर एवढ्याशा तुकड्यातही पाण्याची चाळीस-पन्नास ठिकाणं सहज निघतात.

आता उपग्रह-चित्र आणि ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी मोजणी संस्थेचा सहा इंची नकाशा शेजारी शेजारी लावा. सहा इंची म्हणजे एका मैलाला सहा इंच, १:१०,५६०. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या नकाशांच्या संकेतस्थळावर दोन चित्रं बाजूबाजूला एकत्र सरकवून बघायची सोय आहे, फुकट. पुण्यात बसूनही हे करता येतं. दिसेल त्या प्रत्येक पाण्याला नंबर द्या. नाव छापलेलं असो वा नसो. नंबर एकदा दिला की तो बदलायचा नाही आणि पुन्हा दुसऱ्याला वापरायचा नाही.

मग एक नकाशा छापा ज्यावर तळ्यांचे आकार, ओढे आणि नंबर आहेत, पण एकही नाव नाही. या बिननावाच्या कागदाचं महत्त्व माणसांना भेटायला गेल्यावर कळतं.

दुसरी पायरी : आधी कागद, मग माणसं

सगळ्यात आधी ऑर्डनन्स सर्व्हेच्या नेम बुक्स उघडा. एकोणिसाव्या शतकात मोजणी करणाऱ्या पथकांनी प्रत्येक नावाची नोंद या वह्यांत केली आणि 'स्कॉटलंड्सप्लेसेस' या संकेतस्थळावर त्या पानोपान पाहता येतात. रकाने साधारण असे : नकाशावर जायचं नाव, स्पेलिंगचे वेगवेगळे प्रकार, ते स्पेलिंग कोणाच्या शब्दावर घेतलं, जागा, आणि थोडक्यात वर्णन. नवशिके पहिला रकाना उतरवून घेतात आणि पुढे जातात. सोनं तिसऱ्या रकान्यात असतं. तिथे साक्षीदार आहेत.

साक्षीदार कोण, हे बघितलं की बरंच उलगडतं. इस्टेटीचा कारभारी, पाद्री, शाळामास्तर, मोठा शेतकरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्व्हेनं आपल्या माणसांना दिलेल्या सूचनांत तर स्वच्छ म्हटलं होतं की जमीनमालक आणि त्यांचे कारभारी आधी, आणि लहान शेतकरी किंवा झोपडीतल्या माणसावर तो राहतो त्या जागेच्या नावासाठीही विसंबू नये. म्हणजे ज्याचे पाय रोज त्या तळ्याकाठी भिजायचे त्याचा शब्द शेवटी. मोजणीदारांपैकी बहुतेकांना गेलिक येत नव्हतं, हे त्यावर आणखी. गेलिक लोकपरंपरेचा मोठा संग्राहक अलेक्झांडर कारमायकेल यानं १८७० च्या दशकात हेब्रिडीजमधल्या नावांसाठी सर्व्हेला मदत केली, म्हणून तिथल्या काही भागांत गुणवत्ता वेगळी दिसते. थोडक्यात, एका वहीवरून दुसऱ्या वहीबद्दल मत बनवू नका.

यानंतर सहा इंची नकाशाची पहिली आणि दुसरी आवृत्ती ताडून पाहा. मधल्या काळात बऱ्याच नावांचं स्पेलिंग बदललेलं आढळेल. दोन्ही रूपं जशीच्या तशी उतरवा, तारखेसह. मोठ्या मापाचा पंचवीस इंची नकाशा माळासाठी शोधत बसू नका. तो लागवडीखालच्या भागांसाठी होता, ओसाड माळ सहा इंचातच उरकला गेला.

त्याआधीच्या कागदांची यादी मोठी पण लहान तळ्यांसाठी हाती लागणारं थोडं. टिमथी पाँटनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या रेखाटनांवर आधारलेला डच नकाशाकार ब्लाउचा नकाशासंग्रह १६५४ चा. त्यात मोठी लॉख भेटतील. जनरल रॉयची लष्करी मोजणी १७४७ ते १७५५ ची, पण ती फक्त मुख्य भूमीची. बेटांसाठी तिच्यात डोकं घालून मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या आहेत, तुम्ही घालवू नका. बेटांसाठी इस्टेटींचे आराखडे पाहावेत : लुईसचा जेम्स चॅपमननं १८०७ ते १८०९ दरम्यान केलेला, साउथ यूइस्टचा विल्यम बाल्डचा १८०५ चा.

एक वेगळाच स्रोत म्हणजे सर जॉन मरे आणि लॉरेन्स पुलर यांनी केलेली लॉखांच्या खोलीची मोजणी. १८९७ ते १९०९ या काळात ५६२ लॉख दोर सोडून मोजली गेली. सुरुवातीला मरेंचा जोडीदार होता पुलरांचा मुलगा फ्रेडरिक. फेब्रुवारी १९०१ मध्ये एअर्थ्री लॉखवरचा बर्फ फुटला तेव्हा बुडणाऱ्यांना वाचवताना तो गेला, आणि बापानं काम पुढे नेलं. या मोजणीत कोणतं लॉख आलं हे बरंचसं तिथे होडी मिळाली की नाही यावर ठरलं. त्यामुळे आपलं लहान लॉख त्यात नसेल तर त्यावरून ते महत्त्वाचं नव्हतं असा अर्थ काढायचा नाही.

तिसरी पायरी : कान तयार करा

इथे मराठी माणूस इंग्रजापेक्षा पुढे असतो, आणि हे मी कौतुकानं सांगत नाही, कामाचं म्हणून सांगतो. गेलिकमधली क, त, प यांसारखी स्पर्श व्यंजनं इंग्रजीसारखी द-त अशा घोष-अघोष जोडीनं चालत नाहीत. ती आपल्या त-थ, क-ख, प-फ अशा अल्पप्राण-महाप्राण जोडीनं चालतात. शब्दाच्या सुरुवातीला लिहिलेला 'डी' बहुधा आपल्या 'त'च्या जवळचा, 'टी' आपल्या 'थ'च्या जवळचा, आणि जीभ दातांनाच टेकते. काळं तळं या अर्थाचं, नकाशावर 'डी'नं लिहिलेलं नाव एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडून 'लॉख तू' असं ऐकू येतं. देवनागरीत ते सहज पकडता येतं. 'लॉख'मधला 'ख' मात्र आपला नाही. तो उर्दूतल्या 'ख़त'सारखा घासून येतो. आपल्या टिपणात नुक्ता द्या आणि मोकळे व्हा.

दोन व्यंजनं जवळ आली की मध्ये स्वर घुसतो. गेलिकचे अभ्यासक याला 'स्वरभक्ती' म्हणतात. ही संज्ञा संस्कृत व्याकरणातूनच तिकडे गेली. आपल्याकडे धर्मचा धरम होतो तसंच. निळा-हिरवा या अर्थाचा 'गोर्म' बोलताना 'कोरोम' होतो, बैलाला 'थारव' म्हणतात, आणि नाव या अर्थाचा शब्दही 'एनेम' असा उच्चारतात. रंगांचंही जपून. 'कोरोम' म्हणजे आकाशाचा निळा आणि गवताचा दाट हिरवाही. 'निळं तळं' असं एका शब्दात भाषांतर करून टाकलंत तर चूक तुमची.

व्याकरणाची एकच गोष्ट आधी शिका. मराठीत षष्ठी लावताना शब्दाचं शेपूट बदलतं : घोडा, घोड्याचं. गेलिकमध्ये शेपूट तर बदलतंच, कधी डोकंही बदलतं. गाव या अर्थाच्या शब्दातला 'ब' नावात 'व' होतो, गिरणीतल्या 'म'चाही 'व' होतो, आणि गवतातला 'फ' तर चक्क गळतो. त्यामुळे ऐकलेला शब्द कोशात त्याच अक्षराखाली सापडेलच असं नाही. घोड्याच्या तळ्याला 'लॉख अन एइख' म्हणतात, घोड्यांच्या तळ्याला 'लॉख नान एख'. फरक एवढासा, पण एक घोडा बुडाल्याची गोष्ट आणि घोडे पाण्यावर न्यायची जागा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

सगळ्यात जुना सापळा म्हणजे 'लॉखन' आणि 'लॉख अन'. पहिला एक शब्द, 'लहान तळं'. दुसरे दोन, 'अमक्याचं तळं'. कानाला जवळजवळ सारखेच. पुढचा शब्द विशेषण आहे की षष्ठीतलं नाम, यावरून ठरवायचं, आणि ठरलं नाही तर दोन्ही लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवायचं.

लुईस आणि त्याला जोडून असलेल्या हॅरिसमध्ये शेवटी '-वत' येणारी तळी पुष्कळ. हे गेलिक नव्हे. व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतला पाणी-तळं या अर्थाचा शब्द आहे. 'लॉख लांगावत' म्हणजे शब्दशः 'तळं-लांब-तळं'. नॉर्स बोलणारे गेले, अर्थ विसरला, मग गेलिक लोकांनी पुढे आपलं 'लॉख' जोडलं. याच नावाची तळी लुईसमध्ये आहेत, हॅरिसमध्ये आहे, बेनबेक्युला बेटावरही आहे. म्हणून नुसतं नाव लिहून जागा लिहिली नाही तर त्या नोंदीचा उपयोग शून्य.

चौथी पायरी : माणसांकडे जाणं

गावातल्या 'कोमन एख्द्रे'कडे, म्हणजे स्थानिक इतिहास मंडळाकडे, आधी जा. हेब्रिडीजमध्ये १९७० च्या दशकापासून अशी मंडळं उभी राहिली आहेत आणि पुष्कळांकडे नावांच्या याद्या, जुन्या ध्वनिफिती आहेत. कोणाशी बोलावं हे तेच सांगतील. 'टोबर अन दुअलखश' या संकेतस्थळावर एडिनबर्गच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजनं १९५१ पासून जमवलेल्या ध्वनिमुद्रणांतली हजारो ऐकायला मिळतात. आपल्या गावचा कोणी त्यात बोललाय का, ते जाण्यापूर्वी ऐकून घ्या.

रविवारी फोन करू नका, दारही ठोठावू नका. लुईस-हॅरिसमध्ये रविवार पाळणारी माणसं बरीच आहेत, आणि पहिलीच भेट चुकली की पुढे दार उघडत नाही. वडीलधाऱ्यांशी बोलताना गेलिकमध्ये 'शिव' वापरतात, म्हणजे आपलं 'तुम्ही'. 'ऊ' म्हणजे 'तू'. प्रश्न असा पाठ करा : 'च्ये अन थेनेम अ हाकिव एर अन लॉख शो?' या तळ्यावर तुमच्याकडे काय नाव आहे? तुमच्याकडे, हे महत्त्वाचं. 'याचं खरं नाव काय?' असं विचारलंत की माणूस बावरतो आणि नकाशावर छापलेलं आठवायला लागतो.

आता तो बिननावाचा कागद टेबलावर पसरा. छापील नावाचा नकाशा चुकूनही दाखवू नका, आणि 'हे अमुकच ना?' असं तर मुळीच म्हणू नका. पाहुणा एवढ्या लांबून आलाय म्हणून समोरचा हो म्हणेल. शिवाय दीडशे वर्षांत नकाशातली नावं लोकांच्या तोंडात परत शिरली आहेत. छापलेलं नाव ऐकायला मिळालं तर ते बापाकडून आलं की शाळेतल्या नकाशातून, हा प्रश्न विचारावाच लागतो.

नंबरांच्या क्रमानं विचारण्यापेक्षा वाटेच्या क्रमानं विचारा. 'पीट आणायला घरून निघालात, मग आधी कोणतं पाणी लागतं? डाव्या हाताला की उजव्या?' माळावरची स्मृती पायांत असते. वाट सुरू झाली की नावं एकामागून एक येतात. मध्ये एखादी विहीर येते, खडक येतो, मेंढ्या कोंडायचा वाडा येतो. तेही टिपा, कारण बऱ्याच लहान तळ्यांनी आपलं नाव शेजारच्या टेकडीकडून किंवा झोपडीकडून उसनं घेतलेलं असतं. टेकडीचं नाव हरवलं की तळ्याच्या नावाचा अर्थ लागत नाही.

बायकांकडे नक्की जा. उन्हाळी चराईच्या झोपडीला 'आरी' म्हणतात. तिथे राहायच्या त्या मुख्यतः बायका आणि मुलं. दूध काढणं, लोणी-चीज करणं, पाणी आणणं त्यांच्याकडे. कोणतं पाणी गोड, कुठे गाय रुतते, कुठे अंघोळ करायची, हे त्यांना ठाऊक. नेम बुक्समधल्या साक्षीदारांत मात्र बहुतेक पुरुषच. लुईसमध्ये आरीला जाण्याची रीत विसाव्या शतकातही बराच काळ टिकली होती, त्यामुळे लहानपणी आईबरोबर तिथे राहिलेली एखादी आजी अजून भेटू शकते. अशा एका आजींनी मला ज्या पाण्याचं नाव सांगितलं ते कोणत्याही नकाशात नव्हतं. मी चारदा विचारलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ते आम्ही मुलींनीच ठेवलं होतं. मी ते लिहिलं. साक्षीदार : ठेवणारी स्वतः. यापेक्षा पक्की नोंद आयुष्यात पुन्हा मिळाली नाही.

ध्वनिमुद्रण करा, परवानगी घेऊनच. आवाज कुठे ठेवला जाईल, कोण ऐकेल, नाव जाहीर करायचं की नाही, हे कागदावर लिहून सही घ्या. फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवा; एमपी३ मध्ये श्वासाचे बारीक आवाज मरतात आणि गेलिकमध्ये नेमके तेच हवे असतात. ट्राउट माशाचा 'ब्रेख्क' शब्द घ्या : शेवटच्या 'क'आधी एक श्वास येतो, लुईसमध्ये तो 'ह'सारखा, इतर ठिकाणी खरखरीत 'ख़'सारखा. सुरुवातीला तारीख आणि जागा मोठ्यानं बोला. प्रत्येक नाव तीनदा म्हणवून घ्या आणि मग एका वाक्यात. सुटं म्हटलेलं नाव माणूस सजवून म्हणतो. वाक्यात ते खऱ्या रूपात येतं. बाहेर असाल तर माइकला केसाळ टोपी घाला. घरात असाल तर भिंतीवरचं घड्याळ आणि चुलीवरची किटली या दोघांवर लक्ष ठेवा. माझ्या एका अख्ख्या दुपारीतून फक्त किटलीच ऐकू येते.

पाचवी पायरी : पाण्यापर्यंत चालत जाणं

ब्रिटिश नॅशनल ग्रिडमध्ये शंभर किलोमीटरच्या चौकोनांना दोन अक्षरं आहेत. लुईसचा बहुतेक भाग 'एनबी'. सहा आकडी संदर्भ शंभर मीटरचा चौकोन दाखवतो. पीटच्या माळावर एवढ्या जागेत तीन डबकी मावतात. सुरुवातीला मी सहा आकड्यांवर भागवलं आणि घरी येऊन कोणतं नाव कोणत्या डबक्याचं हे सांगता येईना. आठ आकडे लिहा, म्हणजे दहा मीटर. एक बिंदू पाण्याच्या मध्याचा, दुसरा ओढा जिथून बाहेर पडतो तिथला. मोबाइल अक्षांश-रेखांश देतो ते वेगळ्या पायावर असतात. नीट रूपांतर न करता ते ब्रिटिश पायावरच्या अक्षांश-रेखांशांत मिसळले तर शंभर मीटरच्या आसपास चूक येते. ऑर्डनन्स सर्व्हेचं स्वतःचं रूपांतर-साधन वापरा.

२००३ च्या कायद्यानं स्कॉटलंडमध्ये जबाबदारीनं वागणाऱ्याला मोकळ्या माळावर चालण्याचा हक्क आहे. तरी हरणांच्या शिकारीच्या हंगामात, विशेषतः ऑगस्ट ते ऑक्टोबर, इस्टेटीला आधी विचारून जा. आणि वसंतापासून ऑगस्टपर्यंत लहान तळ्यांच्या काठाला चिकटू नका. लाल गळ्याचा डायव्हर पक्षी अशाच लॉखनांच्या अगदी काठावर घरटं करतो, त्याला त्रास देणं १९८१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. दुर्बीण लावा, लांबून फोटो घ्या. घरट्याची जागा नोंदीत घालू नका. हिरव्यागार, मऊ दिसणाऱ्या पट्ट्यावर पाय टाकू नका. त्याखाली पाणी असतं. परतायची वेळ कोणाला तरी सांगून निघा, कारण मोबाइलला रेंज नसते.

सहावी पायरी : नोंद भरणं

एका ओळीत एक तळं, अशी सारणी बहुतेक जण करतात. ती चुकीची आहे. एका ओळीत एक साक्ष ठेवा. तळ्यांची सारणी वेगळी : नंबर, दोन बिंदू, अंदाजे लांबी. साक्षींची सारणी वेगळी, आणि दोघींना जोडणारा दुवा म्हणजे तो नंबर.

समजा, १७ नंबरच्या तळ्याला तीन ओळी आल्या. पहिली : सहा इंची नकाशा, पहिली आवृत्ती, घोड्यांचं तळं, अनेकवचनी; नेम बुकमध्ये साक्षीदार इस्टेटीचा कारभारी. दुसरी : गावातले ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ, नाव गुप्त, ध्वनिमुद्रण अमुक तारखेचं, अमुक मिनिटाला, घोड्याचं तळं, एकवचनी, वडिलांकडून ऐकलं, सोबत घोडा रुतल्याची गोष्ट. तिसरी : शेजारच्या गावातल्या बाई, 'आरीचं लहान तळं'. तिन्ही ओळी राहू द्या. पुढच्या रकान्यात तुमचं मत लिहा, पण ते 'मत' या नावाखालीच, तुमच्या सहीसह. माझं मत इथे एकवचनाकडे झुकेल. कारण गोष्ट आणि व्याकरण जुळतात आणि कारभाऱ्याला ते ऐकू आलं नसावं. पण वीस वर्षांनी कोणाला चौथी साक्ष मिळाली तर माझं मत पुसून पुढे जायला त्याला जागा हवी.

प्रत्येक साक्षीत तीन रूपं वेगळी ठेवा : स्रोतात जसं आहे तसं, ऐकलेला उच्चार (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी येत असेल तर तीत, नाहीतर देवनागरीत, लाज न बाळगता), आणि आजच्या शुद्धलेखनाचं रूप. १९८१ नंतरच्या नियमांत गेलिकमध्ये स्वरावर एकाच दिशेचं आघातचिन्ह उरलं. जुन्या कागदांत दोन्ही दिशांची दिसतात. स्रोताच्या रकान्यात ती सुधारू नका. आधुनिक रूपाबद्दल शंका आली तर 'आइनमेन-आत्य ना हालापा' या राष्ट्रीय स्थलनाम संस्थेचा डेटाबेस पाहा. तत्त्वंही तिथे दिली आहेत.

तारखांबद्दल एक ताकीद. '१८५० ते २०१९' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटतं नाव १८५० मध्ये जन्मलं. रकान्याला 'पहिली नोंद' आणि 'शेवटची नोंद' म्हणा. पाणी स्वतः बदललं असेल तर तेही. धरणांनी हायलँडमधली कित्येक लॉख वाढवली. मुलारडॉखचं धरण झालं तेव्हा शेजारचं लॉख लुंगार्ड त्यात विरून गेलं. नकाशातून असं नाव काढून टाकू नका; जुन्या काठाचा आकार जुन्या सहा इंची नकाशावरून काढून त्यावर ते ठेवा. पीटच्या माळावर तर लहान डबकी भरतात, नवी उघडतात. म्हणूनच ओढ्याच्या तोंडाचा बिंदू मघाशी मागितला.

सातवी पायरी : फाइल आणि परवाने

आघातचिन्हांची अक्षरं संगणकात दोन प्रकारे साठतात, एकसंध किंवा जोडून. दिसायला सारखी, शोधायला वेगळी. सगळी फाइल युनिकोडच्या एनएफसी, म्हणजे एकसंध, रूपात ठेवा. नावातली लोप दाखवणारी खूण (ॲपॉस्ट्रॉफी) सरळ की वळणदार, हेही एकदाच ठरवा. फालतू वाटतं, पण अशा खुणेमुळे न सापडलेली नावं मी पाहिली आहेत.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर घालणार असाल तर आजच्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या छापील नकाशातून उचलायचं नाही. त्यावर हक्क आहे. पन्नास वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेले नकाशे चालतात, सर्व्हेचा खुल्या परवान्याचा नावांचा डेटा चालतो, आणि तुम्ही स्वतः ऐकलेलं चालतं, सांगणाऱ्याची हरकत नसेल तर. गेलिक रूपासाठी 'नेम' पुढे कोलन आणि 'जीडी' हा भाषासंकेत, पर्यायी नावाला 'ऑल्ट-नेम', वापरातून गेलेल्याला 'ओल्ड-नेम', आणि 'सोर्स'चा रकाना कधीही रिकामा नाही.

प्रत पहिल्यांदा गावाच्या इतिहास मंडळाला द्या, मग संस्थांना, मग इंटरनेटवर. सांगणाऱ्यांना त्यांच्या नावांचा छापील नकाशा नेऊन द्या, मोठ्या अक्षरात. तो चहाबरोबर टेबलावर पसरला की दहा मिनिटांत चुका बाहेर पडतात : 'हे इथे नव्हे, त्या पलीकडच्या पाण्याचं.' दुरुस्ती ही नवी साक्ष म्हणून नवी ओळ. जुनी खोडायची नाही.

शेवटी काही नंबर उरतातच ज्यांच्यापुढे काही येत नाही. तिथेही ओळ भरा : अमुक तारखेला अमुक तिघांना विचारलं, तिघंही म्हणाले, 'त्यावर नाव नाही.' आणि कोणी म्हणालं, 'होतं, पण मला आठवत नाही,' तर ती वेगळी ओळ.